‘नॅचरल आहे गं, काही नाही होत!’

ट्रॅडिशनल डेच्या आदल्या रात्री तुम्ही चेहऱ्याला काय लावलं होतं? खरं सांगा.

मी लिंबू लावलं होतं. अर्धं लिंबू आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा. एफवायला होते, होस्टेलवर राहायचे आणि हनुवटीवर तीन मोठे पिंपल्स आले होते. नऊवारी भाड्याने आणलेली, नथ मैत्रिणीकडून मागून ठेवलेली आणि हे तिघं नेमके मधोमध. लिंबू मेसमधून उचललं, सोडा शेजारच्या खोलीतून आला. दोन मिनिटांत चेहरा चुणचुणायला लागला. रूममेट म्हणाली, “चुणचुणतंय म्हणजे काम करतंय.” मी म्हटलं, “हो ना. आणि नॅचरल आहे गं, काही नाही होत.” वीस मिनिटं तसंच ठेवलं. सकाळी दोन्ही गाल लालभडक, हनुवटीची सालं निघालेली. त्या दिवसाच्या प्रत्येक ग्रुप फोटोत माझा हात गालावर आहे. ती पोज नव्हती.

पिंपल्स आठवडाभरात गेले. ते तसेही जाणारच होते. लिंबाने दिलेले तपकिरी डाग मात्र पुढची सेमिस्टर संपेपर्यंत तोंडावर होते.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे ते एक वाक्य. ‘नॅचरल आहे, काही नाही होत.’ तुम्हीही ते म्हटलं असेल, ऐकलं असेल, रीलच्या खाली कमेंटमध्ये वाचलं असेल. ज्यांची त्वचा मुळातच नाजूक आहे, जरा काही लावलं की लाल होते, ज्यांना वर्षाचे बाराही महिने पिंपल्स येतात, ती मुलं-मुली या वाक्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. साहजिक आहे. मेडिकलमधल्या क्रीमने एकदा आग आग झालेली असते, डॉक्टरांकडे जायला पैसे आणि वेळ नसतो, मग वाटतं, निदान घरचं तरी लावू. घरचं काय वाईट करणार?

करतं. आणि का करतं हे समजून घ्यायला बारावीचं केमिस्ट्री पुरतं.

आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५च्या आसपास. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या जवळपास. तीनचाच फरक, असं वाटेल. पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा जवळजवळ हजार पटीने आम्ल. खायचा सोडा याच्या उलट्या बाजूला, ८च्या वर. चिमूटभर सोड्याने अर्धं लिंबू शमत नाही. नुसतं फसफसतं आणि आपल्याला वाटतं, काहीतरी भारी चाललंय. त्वचेच्या वरच्या थरात पेशी आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ मिळून एक भिंत उभी असते, विटा आणि गिलाव्यासारखी. आतलं पाणी ती आत ठेवते आणि बाहेरचं बाहेर. लिंबू-सोडा, खरखरीत स्क्रब, दिवसातून पाच वेळा साबण, हे सगळं तो गिलावा खरवडून काढतं. नाजूक त्वचेत तो आधीच पातळ असतो. चुणचुणणं म्हणजे काम करणं नव्हे. ती भिंत ओरडत असते.

लिंबाचं आणखी एक आहे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं, की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर काळे डाग पडतात. कॉलेजला जाताना उन्हातून चालणाऱ्या मुलीला ‘लिंबू लावून टॅन काढ’ असा सल्ला देणं म्हणजे टॅन वाढवायचाच सल्ला.

त्यात आपली त्वचा गव्हाळ, सावळी, काळी. अशा त्वचेला जळजळ झाली, खाजवलं, फोडलं, सोललं, की ती रंगद्रव्य जास्त तयार करून उत्तर देते. मूळ पिंपल चार दिवसांचा पाहुणा असतो, डाग चार महिने मुक्काम करतो. म्हणून आपल्याकडे पिंपल घालवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं काय तर त्वचेला उगाच न चिडवणं. परदेशी रील्स बघताना हे लक्षात राहत नाही. तिथल्या गोऱ्या गालावरचा लालपणा चार दिवसांत उतरतो, आपला उतरत नाही.

आता आजीकडे वळू. कारण एवढं वाचून ‘म्हणजे आजीचं सगळं खोटं का?’ असं वाटलं असेल.

तसं मी म्हणत नाही. माझी आजी सहाणेवर जायफळ उगाळून पिंपलवर ठिपका द्यायची. ठिपका. चेहराभर लेप नाही. उटणं वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीला, तेही आधी तेल चोळून. आपण काय केलं? वर्षातून एकदाची गोष्ट रोजची केली, ठिपक्याचा पॅक केला, त्यात लिंबू आपल्या मनाने घातलं आणि वर आजीचं नाव लावलं. आजीने बिचारीने हे कधी सांगितलंच नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंमध्येही सरसकट चांगलं-वाईट नसतं. खोबरेल तेल घ्या. कोरड्या हातापायांना उत्तम, हिवाळ्यात तर विचारूच नका. पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर तेच छिद्रं बुजवतं. त्यातलं लॉरिक आम्ल मुरुमांच्या जिवाणूंना मारतं हे प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलंय, आणि रीलवाले तेवढंच सांगतात. बशीला छिद्रं नसतात! कपाळावर एकाच मापाचे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर प्रकरण आणखी वेगळं. ते बऱ्याचदा पिंपल्स नसतातच, मॅलॅसिझिया नावाच्या यीस्टमुळे आलेले असतात, आणि हे यीस्ट स्निग्ध पदार्थांवरच जगतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यावर तेल चोळणं म्हणजे त्याला जेवू घालणं.

हळदीतल्या करक्युमिनचा दाह कमी करणारा गुण खरा आहे. पण बाजारातली हळद पूड स्वयंपाकासाठी असते. पिवळाधमक रंग दिसावा म्हणून त्यात मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटची भेसळ सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि शुद्ध हळदीचीही काहींना ॲलर्जी येते. कोरफड बऱ्याच जणांना सोसते, गारही वाटते. मात्र कुंडीतलं पान कापल्या कापल्या जो पिवळा चीक येतो तो खाज आणतो. पान उभं धरून तो निथळू द्यायचा, धुवायचं आणि मग आतला पारदर्शक गरच घ्यायचा. मुलतानी माती तेल शोषते, पण ती वाळून चेहरा भेगाळलेल्या शेतासारखा होईपर्यंत बसून राहायचं नाही, ओली असतानाच धुवायची. अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब? नको. पिकलेल्या पिंपलवर काहीही घासायचं नाही, नॅचरल तर नाहीच नाही.

हे झालं घरचं. यात फार तर चार महिन्यांचे डाग. बाजारात ‘नॅचरल’ म्हणून जे विकलं जातं त्यात धोका जास्त आहे आणि पैसेही.

हिरवी बाटली, पानाचं चित्र, ‘केमिकल-फ्री’ अशी ठळक अक्षरं. केमिकल-फ्री काहीच नसतं. पाणीसुद्धा केमिकल आहे. विलो झाडाचं लॅटिन नाव सॅलिक्स, त्यावरून सॅलिसिलिक ॲसिडचं नाव आलं. ॲझेलेइक ॲसिड गहू-बार्लीत सापडतं. तुमच्या त्वचेला रेणू कुठून आला हे कळत नाही. तो कोणता आहे आणि किती आहे, एवढंच कळतं.

‘किती’ हा प्रश्न टी ट्री ऑइलच्या बाबतीत फार छान समजतो. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटाला ५ टक्के टी ट्री ऑइलचं जेल, दुसऱ्याला ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्याने त्रास कमी झाला. म्हणजे नैसर्गिक पदार्थ चालला की! चाललाच. पण तो होता ५ टक्के. आपण ऑनलाइन मागवतो ती छोटी बाटली असते ‘१०० टक्के प्युअर’, आणि कापसाने थेट पिंपलवर लावतो. वीसपट. शिवाय ही बाटली उघडी राहिली, खिडकीत उन्हात राहिली, की तेल हवेशी संयोग पावतं आणि त्याची ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते. प्युअर हा शब्द तुपाला ठीक आहे.

सुगंधाचंही तेच. नाजूक त्वचेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी हर्बल क्रीम्समध्ये लव्हेंडर, संत्र्याची साल, सिट्रोनेला यांची तेलं असतात. घटकांच्या यादीत शेवटी शेवटी लिमोनीन, लिनालूल अशी नावं दिसली तर ती या सुगंधी तेलांची खूण. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण ज्यांना होतो त्यांना कळत नाही की आग लावणारं तेच आहे, कारण ते तर फुलांचं असतं ना!

आणि आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसले ते.

पार्लरमध्ये, आठवडी बाजारात, ओळखीच्या काकूंकडे एक क्रीम मिळतं. डबी साधी. वर कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही. “जडीबुटीचं आहे. पाच दिवसांत फरक बघ.” आणि पाच दिवसांत खरंच फरक पडतो! पिंपल्स बसतात, चेहरा उजळतो, घरचे म्हणतात, बघ किती छान दिसतेस. माझ्या बॅचमधली एक मैत्रीण सुट्टीत घरी गेली तेव्हा तिला असंच क्रीम मिळालं. तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आईनेच आणून दिलं होतं, प्रेमाने. आठ महिने लावलं. एकदा डबी संपली आणि नवी मिळायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत तिचा चेहरा असा पेटला की पंख्याखाली ओला रुमाल ठेवून बसायची. उन्हात जाता येईना. पिंपल्स आधीपेक्षा दुप्पट. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, ओठांवर लव वाढली. डबी परत लावली की सगळं शांत.

पाच दिवसांत जादू करणाऱ्या क्रीममध्ये बहुतेक वेळा जडीबुटी नसते, स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडचं मलम वाईट नाही, एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून मापून देतात. पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर त्वचा पातळ होते आणि त्याच्याशिवाय तिला करमेनासं होतं. आपल्या देशात हा प्रकार इतका झाला की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी कोर्टापर्यंत धाव घेतली, आणि २०१८मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘पिंपल्सवर काहीतरी द्या’ म्हटलंत तर कळेल. ट्यूबवर बीटामिथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर ती पिंपल्ससाठी नाही, मग देणारा काहीही म्हणो. आणि डबीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती कशासाठीच नाही.

स्टिरॉइडपुरतंच हे थांबलं असतं तरी बरं. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक खास प्रकार सापडला, आणि या १५पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम्स वापरत होते. क्रीममध्ये होता पारा. चेहऱ्याला लावलेला पारा त्वचेतून आत गेला आणि थेट मूत्रपिंडांपर्यंत पोचला. अकोल्यातूनही अशीच बातमी आली होती. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. पण ज्या डबीवर पत्ताच नाही, तिला कायदा कुठे शोधणार?

माझा राग त्या मैत्रिणीवर नाही, तिच्या आईवर तर अजिबात नाही. ज्यांनी ‘नैसर्गिक’ या एका शब्दाआड हे सगळं लपवलं त्यांच्यावर आहे. आणि थोडा आपल्यावर. आपण बाकी सगळ्याची चौकशी करतो. मोबाइल घेताना प्रोसेसर कुठला, रॅम किती, दहा व्हिडिओ बघतो. पण ‘नॅचरल’ म्हटलं की चौकशी बंद.

पोटात घ्यायच्या गोष्टींनाही हाच न्याय लावा. “रक्त खराब झालंय, उष्णता वाढलीय, रक्तशुद्धीचं काढा घे,” हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही मराठी घरात वाढला नाहीत. पण पिंपल्स रक्त अशुद्ध झाल्याने येत नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल तयार करतात, मृत पेशी छिद्राच्या तोंडाशी अडकतात, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. यात रक्त धुवायचा प्रश्न येतोच कुठे? करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी झाला. पुढे २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का याची खात्री केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवू. पण जी वनस्पती नेमकी कोणती हे तज्ज्ञांनाही तपासल्याशिवाय सांगता येत नाही, ती आपण कुंपणावरून तोडून रोज सकाळी पीत होतो, हे खरं. कुणाला आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर ते वैद्यांना दाखवून घ्या, पावडरच्या पुडीला विचारून नको.

जिमला जाणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. पाठीवर, खांद्यावर अचानक पिंपल्सचं पीक आलं असेल तर व्हे प्रोटीन कधी सुरू केलं ते आठवा. काही छोट्या अभ्यासांत त्याचा संबंध दिसलाय. बी-१२च्या जादा डोसनेही काही जणांना पिंपल्ससारखं पुरळ येतं. ‘हेअर-स्किन-नेल्स’ गोळ्यांतलं बायोटिन तर थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडेच चुकवू शकतं, तेव्हा रक्त द्यायला जाताना गोळ्या घेताय हे सांगा.

खाण्याचं काय? तेलकट खाल्लं की चेहऱ्यावर तेल येतं, इतकं सरळ ते नसतं. साखरेचा संबंध मात्र दिसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांना घेतलं होतं. ज्यांच्या जेवणातून बारा आठवडे मैदा-साखरेसारखं रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं कमी केलं, त्यांचे पिंपल्स इतरांपेक्षा जास्त कमी झाले. म्हणजे कॅन्टीनमधल्या भज्यांपेक्षा दिवसाचे पाच गोड कटिंग आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा यांच्याकडे आधी बघा. उसळ खा. त्यासाठी कुठली पावडर विकत घ्यावी लागत नाही.

बरं, मग लावायचं काय? मला हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि उत्तर इतकं कंटाळवाणं आहे की त्याचं रील होत नाही. दिवसातून दोनदा सौम्य, वास नसलेल्या फेसवॉशने तोंड धुवायचं. साधं मॉइश्चरायझर लावायचं, तेलकट त्वचा असली तरी. सकाळी सनस्क्रीन, कारण डाग पक्के करायचं काम ऊन करतं. एवढंच, निदान चार आठवडे. चिडलेली त्वचा आधी शांत होऊ दे. त्यानंतर एक औषधी गोष्ट, एकच. सॅलिसिलिक ॲसिड, बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडॅपलीन, ॲझेलेइक ॲसिड यांतलं काय, हे डॉक्टरांना विचारून. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी आग जास्त होते, फायदा त्या मानाने वाढत नाही. (आणि त्याने कपड्यांचा रंग उडतो. आईचा चांगला टॉवेल वापरू नका, मी वापरला होता.)

नवीन काहीही, मग ते आजीचं असो की अठराशे रुपयांचं सीरम, थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. लाल झालं, खाजलं, तर तिथेच थांबायचं. आठवडा म्हणजे आठवडा. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असं नसतं.

आणि बारा आठवडे थांबा. हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे. आज दिसणारा पिंपल त्वचेखाली काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो, त्यामुळे आज लावलेल्या औषधाचा खरा परिणाम दिसायलाही दोन-तीन महिने लागतात. आपण तिसऱ्या दिवशी आरशात बघतो, दहाव्या दिवशी कंटाळतो आणि अकराव्या दिवशी नवीन काहीतरी मागवतो. माझ्या कपाटात एके काळी अकरा अर्धवट बाटल्या होत्या. हिशेब केला, तेवढ्यात कोकण रेल्वेने गोव्याला जाऊन, राहून, परत आले असते.

आता ज्यांच्या चेहऱ्यावर एकही पिंपल नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तुम्हाला सल्ला कुणी विचारलाय का? “अगं, तू पाणी पीत नाहीस का?” “तोंड नीट धुत नाहीस वाटतं.” “कडुनिंब लाव ना!” लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, वर्गाच्या दारात हे ऐकलं, की तो मुलगा किंवा ती मुलगी घरी जाऊन त्या रात्री काहीतरी नवीन लावते. डबीवाल्या काकूंचा धंदा असाच चालतो. पिंपल्स अस्वच्छतेने येत नाहीत. ज्यांना येतात ते तुमच्यापेक्षा जास्त वेळा तोंड धुतात, हाच तर त्यांचा एक प्रॉब्लेम असतो. आपण त्यांच्या मार्कांबद्दल, जिंकलेल्या मॅचबद्दल बोलू शकतो. चेहरा त्यांनी आरशात पाहिलेला आहे.

मुलगेही यात आले. “पोरांना काय फरक पडतो,” म्हणून ते कुणाला सांगत नाहीत, कपाळावर केस ओढून घेतात, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवतात आणि मोठ्या भावाने आणलेली ट्यूब गुपचूप लावतात. दाढी करताना पिकलेल्या फोडांवरून ब्लेड फिरवतात आणि वर तुरटी घासतात. त्यांनाही डॉक्टर लागतात.

कधी जायचं डॉक्टरांकडे? गाठीसारखे, दुखणारे, खोल पिंपल्स असतील तर वाट बघू नका, कारण त्यांचे खड्डे पडतात आणि खड्डे भरून काढणं फार अवघड असतं. मुलींनो, जबड्याच्या कडेने पिंपल्स, पाळी अनियमित आणि हनुवटीवर जाड केस असं एकत्र असेल तर पीसीओएस आहे का ते तपासून घ्यायला हवं, तिथे फेसपॅकचा उपयोग नाही. जडीबुटीची डबी सोडल्यावर चेहरा पेटला असेल तरी जा; ती कशी सोडायची हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेलं बरं. आणि पिंपल्समुळे लेक्चर चुकवायला लागला असाल, बाहेर पडावंसंच वाटत नसेल, तर तेवढं एक कारणही पुरेसं आहे. ते क्षुल्लक नाही.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचारोग विभागाची ओपीडी असते. मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरला घाटी. सकाळी लवकर जा, रांग असते. केसपेपरचा खर्च कॅन्टीनमधल्या एका नाश्त्याहून जास्त होत नाही. सोबत मित्र किंवा मैत्रीण असली तर रांग लवकर सरते.

आणि जाताना आत्तापर्यंत जे जे लावलंय त्या सगळ्या ट्यूबा, डब्या, पुड्या पिशवीत घालून न्या. पोटात घेतलेल्या गोळ्या आणि काढेही सांगा. काही लपवू नका. लिंबू-सोड्याचंही सांगा. मी सांगितलं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत, केसपेपरवर लिहून घेतलं आणि विचारलं, “किती वेळ ठेवलं होतंस?”